क्रमांक १४७

निवासी शाळेत प्रवेश मिळाल्याचे पत्र आले त्या दिवशी आमच्या घरात आनंद झाला आणि तो साधारण सोळा तास टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शाळेकडून सोबत आणावयाच्या वस्तूंची यादी आली. यादी चार पानांची होती, तिला सहा पानांचा आरोग्याच्या तपशिलाचा अर्ज जोडलेला होता, आणि सर्वांत शेवटी ‘प्रत्येक वस्तूवर विद्यार्थ्याचा क्रमांक शिवलेला असावा’ अशी ठळक अक्षरांतली सूचना होती. ‘शिवलेला’ या शब्दाखाली रेघ मारलेली होती. पेनाने लिहिलेला क्रमांक धुलाईत उडतो आणि चिकटवलेली पट्टी सुटून भलत्याच्याच बनियनला जाऊन चिकटते, असा बराच कडू पूर्वानुभव त्या रेघेमागे असावा. आमच्या कन्येला मिळालेला क्रमांक होता १४७. अकरा वर्षे जिला आम्ही पाच-सहा लाडक्या नावांनी हाका मारत आलो, ती एका रात्रीत तीन आकडी झाली, आणि तिला स्वतःला ते फारच आवडले.

कपड्यांच्या खरेदीत मी हिरिरीने पुढे झालो, कारण ‘वाढत्या अंगाचे’ या एकाच तत्त्वावर माझे सगळे बालपण शिवलेले आहे. त्या तत्त्वाप्रमाणे पहिले वर्ष मूल कपड्यात हरवलेले असते, दुसऱ्या वर्षी कपडा अंगाला बरोबर बसतो आणि नेमका तेव्हाच तो विटतो. गणवेशाचा स्कर्ट मी दोन मापे मोठा उचलला. बायकोने तो माझ्या हातून काढून घेतला आणि एक माप मोठा, आत भरपूर दुमड ठेवलेला असा दुसरा निवडला. शाळेतले शिंपी ही दुमड दर सहामाहीला एक बोट सोडतात, ही माहिती तिने कुठून मिळवली होती कोण जाणे.

बुटांच्या बाबतीत मात्र माझे तत्त्व दुकानदारानेच मोडीत काढले. बूट वाढत्या पायाचे घेतले की टाच आत घसरते आणि फोड येतात, म्हणून पुढे फक्त अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडायची, असे त्याने बजावले. शिवाय दिवसभरात पाय थोडे सुजतात, तेव्हा माप संध्याकाळी घ्यायचे आणि तेही जे मोजे घालणार तेच घालून. आम्ही सकाळी, मोज्यांशिवाय सँडलमध्ये गेलो होतो. संध्याकाळी मोजे घेऊन पुन्हा गेलो. बूट किमान दोन आठवडे आधी घरात वापरून मऊ करावेत, असेही त्याने सांगितल्यामुळे पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ संचलन होत असे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिसऱ्या दिवशी ‘मुलगी लष्करात चालली का?’ अशी चौकशी केली.

हे सगळे सोपे म्हणायचे, कारण खरी परीक्षा त्या सहा पानी अर्जात होती. आपल्याला आपल्या मुलाची संपूर्ण माहिती आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी असा एक अर्ज भरून पाहावा. उंची, वजन आणि रक्तगट या पहिल्या तीन रकान्यांतच मी दोनदा खाडाखोड केली. लसीकरणाचे पुस्तक सापडायला दोन दिवस लागले. ते विजेच्या बिलांच्या फायलीत होते आणि ते तिथे का होते हे विचारण्याचे धाडस आम्ही दोघांनीही केले नाही, कारण दोघांनाही आपापल्याविषयी शंका होती. गोवर-गालगुंड-रुबेला या लसीचे दोन डोस नोंदलेले दिसले तेव्हा परीक्षेत पास झाल्यासारखे वाटले. मग ‘पूर्वी झालेले आजार’ हा रकाना आला. तिसऱ्या वर्षी अंगावर जे उठले होते ते मी गोवर म्हणत होतो आणि बायको कांजिण्या. वाद वाढला तेव्हा आजीला फोन लावला. आजीने फक्त एकच प्रश्न विचारला, “पुरळ सगळं एकसारखं होतं, की काही फोड पाण्याचे, काहींवर खपली आणि काही नुकतेच उठलेले, असं एकाच वेळी?” एकाच वेळी, असे म्हटल्यावर आजीने “कांजिण्या” असा निकाल दिला आणि फोन ठेवला. पुढे डॉक्टरांनीही हीच खूण सांगितली, पण त्यांनी त्याची फी घेतली.

‘अ‍ॅलर्जी’ हा रकाना भरण्याचा मान कन्येने स्वतःकडे घेतला आणि तिथे सुवाच्य अक्षरात ‘लोकरीचा स्वेटर’ असे लिहिले. टोचणे आणि अ‍ॅलर्जी असणे यांतला फरक तिला समजावताना माझी दमछाक झाली, आणि शेवटी त्या ओळीवर पांढरा रंग फासून आम्ही ‘धूळ’ असे लिहिले. ‘झोपेत चालते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर होते. ‘झोपेत बोलते का?’ असा प्रश्न नव्हता, म्हणून बायकोने समासात स्वतःहून लिहिले की बोलते, बहुधा कोणाशी तरी भांडते, जागे करू नये.

आता दम्याविषयी. कन्येला चौथ्या-पाचव्या वर्षापासून दमा आहे. तो आटोक्यात असला तरी घरात औषध श्वासातून ओढून घेण्याचा पंप सदैव हाताशी असतो. पंपाचा जन्मच एका मुलीच्या वैतागातून झाल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. १९५५ साली रायकर लॅबोरेटरीज या अमेरिकन औषध कंपनीच्या प्रमुखाला त्याच्या दमा असलेल्या मुलीने विचारले, की केसांवर मारायचा फवारा जर डब्यातून येतो तर माझे औषध तसे का येत नाही? तोपर्यंत ते औषध रबरी फुगा दाबून काचेच्या नाजूक उपकरणातून ओढून घ्यावे लागे. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५६ मध्ये, दर दाबाला मोजून तेवढीच मात्रा सोडणारा पंप बाजारात आला. ही गोष्ट मी कन्येला मोठ्या उत्साहाने सांगितली. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “पण तिच्या बाबांनी तिला बोर्डिंगला पाठवलं होतं का?”

डॉक्टरांकडे आम्ही तयारीनिशी गेलो होतो. घरातली औषधांची पेटी मी सोबत नेली होती आणि तिच्यातले काय काय शाळेत द्यावे, एवढेच विचारायचे होते. डॉक्टरांनी पेटी टेबलावर उलटी केली. मुदत उलटलेल्या तीन नळ्या, नाव पुसलेली एक बाटली आणि मागच्या कुठल्यातरी तापातून वाचलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या त्यांनी एकेक करून बाजूला सारल्या. त्या चार गोळ्या मी ‘वेळेला उपयोगी’ म्हणून जपल्या होत्या. त्यांच्याकडे बोट दाखवून डॉक्टर म्हणाले, “या उरल्या, याचा अर्थ तेव्हा कोर्स पूर्ण झाला नव्हता.” त्यानंतर मी गप्प बसलो. शाळेत द्यायची औषधे मूळ वेष्टनातच असावीत, त्यावर मुलीचे नाव, मात्रा आणि मुदत स्पष्ट असावी, ती ट्रंकेत न लपवता सिस्टरच्या हाती द्यावीत, आणि धाप लागताच घ्यायचा, आराम देणारा पंप मात्र चोवीस तास मुलीच्या स्वतःजवळ असावा, एवढे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले.

मग त्यांनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायचे प्लास्टिकचे पोकळ नळकांडे, पाहायला मागितला. मी तो अभिमानाने पुढे केला, कारण त्याच्या स्वच्छतेचे खाते माझ्याकडे आहे आणि चार वर्षे मी तो धुऊन मऊ पंच्याने पुसून लखलखीत ठेवत आलो आहे. डॉक्टरांनी डोळे मिटले. स्पेसर साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून काढावा आणि तसाच हवेवर वाळू द्यावा, असे त्यांनी सांगितले. कापडाने घासले की प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते, औषधाचे कण आतल्या भिंतींना चिकटून बसतात आणि छातीपर्यंत कमी पोहोचतात. म्हणजे चार वर्षे मी पोरीच्या वाट्यातले औषध एका नळकांड्याला पाजत होतो, आणि तेही पदरचा पंचा खर्चून.

श्वासाचा जोर मोजायच्या नळीवरही आमची तालीम झाली. उभे राहून खोल श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एका झटक्यात फुंकायचे. असे तीनदा करून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. मुलीचा प्रकृती उत्तम असतानाचा आकडा हा पाया धरायचा. ८० टक्क्यांच्या वर असेल तर हिरवा पट्टा, ५० ते ८० म्हणजे पिवळा, आणि त्याखाली गेला की लाल, म्हणजे पंप घेऊन ताबडतोब मोठ्यांकडे धाव. मी प्रात्यक्षिक म्हणून वाफाळता चहा निववावा तसे लांबलचक फुंकले. काटा जागचा हलला नाही. डॉक्टरांच्या तक्त्यानुसार मी लाल पट्ट्याच्याही खाली, बहुधा मरणोत्तर अवस्थेत होतो. नळी फुंकीची लांबी मोजत नाही, तिचा वेग मोजते, हे मला कन्येने सांगितले.

निघताना डॉक्टरांनी ‘मऊ खेळणे नेणार आहे का?’ असे विचारले आणि तिथून हत्तीचे प्रकरण सुरू झाले. हा हत्ती कापडी आहे, करड्या रंगाचा होता, आणि कन्येच्या उशाशी गेली नऊ वर्षे झोपतो. यादीत ‘एक लहान खेळणे चालेल’ अशी सवलत होती. परंतु धुळीतले अदृश्य किडे अशाच खेळण्यांत वस्ती करतात. चादरी-अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुतले की ते मरतात. हत्तीला ते पाणी सोसणार नव्हते, त्याच्या पोटातला भुसा गोळा झाला असता. अशा वेळी खेळणे पिशवीत बांधून २४ तास फ्रीझरमध्ये ठेवावे आणि मग गार पाण्यात धुवावे, कारण थंडीने किडे मरतात तरी त्यांची विष्ठा आत राहते आणि खरा त्रास तिचाच असतो. त्याप्रमाणे हत्ती पारदर्शक पिशवीत घालून बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवला गेला. रात्री अडीच वाजता मला तहान लागली. अर्धवट झोपेत मी फ्रीझर उघडला, आणि आतल्या दिव्यात दोन काचेचे डोळे माझ्याकडे अत्यंत दुखावलेल्या नजरेने पाहत होते. पाणी न पिताच मी परत जाऊन झोपलो.

आता राहिली शिलाई. क्रमांक विणलेल्या पट्ट्या शंभरांच्या खाली मिळत नव्हत्या, आणि मोजून पाहिले तर आम्हाला ९४ लागणार होत्या. आठ जोड मोज्यांच्याच सोळा! मोज्यावर पट्टी शिवण्यात एक खास अडचण आहे. मोजा ताणतो आणि पट्टी ताणत नाही, त्यामुळे चारही बाजूंनी घट्ट टाके घातले की मोजा पायात जातच नाही. म्हणून दोन बाजूंना धावदोरा घालून वरची बाजू मोकळी सोडायची. ही युक्ती सापडेपर्यंत पाच मोज्यांचे टाके मला उसवावे लागले होते आणि डाव्या हाताच्या दोन बोटांना चाळणी झाली होती. शेवटच्या रात्री साडेअकरा वाजता बायको टॉवेलांवर होती आणि मी मोज्यांवर. चष्मा नाकाच्या टोकावर आला होता, पलंगावर नुकत्याच वाळून आलेल्या कपड्यांचा ढीग होता, आणि मी त्यातून जे गडद निळे हाताला लागेल ते ओढून त्याच्यावर १४७ ठोकत होतो. पहाटे एक वाजता पट्ट्या संपल्या. उरायला हव्या होत्या सहा आणि उरली एकही नाही, ही गोष्ट माझ्या लक्षात आली होती. परंतु त्या वेळी गणितापेक्षा झोप मोठी होती.

शाळेत पोहोचल्यावर ट्रंक खोलीत गेली आणि आम्ही सिकरूममध्ये. सिस्टर उंच, शांत आणि कोणत्याही पालकाच्या भाषणाला बधणार नाहीत अशा दिसत होत्या. मी फाईल उघडून सुरुवात केली, तोच त्या कन्येकडे वळून म्हणाल्या, “तू दाखव बघू, पंप कसा घेतेस.” तिने पंप हलवला, स्पेसरला लावला, श्वास बाहेर सोडला, एकच दाब दिला, आणि स्पेसर तोंडातून न काढता सावकाश पाच श्वास घेतले. रोजच्या प्रतिबंधक पंपानंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते, हे तिने न विचारता सांगितले. आराम देणारा पंप तिच्या स्कर्टच्या खिशात होता आणि दुसरा तिने सिस्टरच्या टेबलावर ठेवला. “पालकांना काही सांगायचं आहे?” सिस्टरनी विचारले. माझ्याकडे अकरा मुद्दे लिहिलेले होते. मी म्हणालो, “तो स्पेसर पुसू नका.” सिस्टर म्हणाल्या, “आम्ही कोणीच पुसत नाही.”

फाटकापाशी कन्येने हात केला आणि ती वळून चालू लागली. बूट अजिबात चावत नसावेत, कारण ती चांगली झपाझप चालत होती. बायको गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, “हत्तीच्या कानाला पट्टी लावली होतीस ना?” लावली होती.

पहिला फोन रविवारी आला. श्वास हिरव्या पट्ट्यात होता, स्वेटर टोचत होता, आणि शेजारच्या पलंगावरची मुलगी झोपेत हिच्या वाक्यांना उत्तरे देत होती. माझे तीन जोड ऑफिसचे मोजे आठवडाभर सापडत नव्हते, तरी त्याविषयी मी अवाक्षर काढले नव्हते.

“बाबा,” ती म्हणाली, “तुझे मोजे इथे आलेत. मी दोनदा ‘हे माझे नाहीत’ म्हणून लॉन्ड्रीत परत दिले. पण त्यांच्यावर नंबर शिवलेला आहे ना, त्यामुळे ते धुऊन, इस्त्री करून, पुन्हा मलाच आणून देतात.”