पेडल नाही, तरी मोपेड? सिमसन एस५१ एन्ड्युरोवरच्या कमेंटला उत्तर

नमस्कार, सिमसन एस५१ एन्ड्युरो, म्हणजे पूर्व जर्मनीतल्या ५० सीसी एस५१चं कच्च्या रस्त्यासाठीचं मॉडेल, यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. पेडल नसलेल्या गाडीला मोपेड कसं म्हणता, खरी मोपेड आपली लूना, एन्ड्युरो म्हणजे साध्या गाडीला वर उचललेला सायलेन्सर, दहा वर्षं तेच मॉडेल काढणं हा सरकारी कारखान्याचा आळस, आणि इतिहास मी थेट पूर्व जर्मनीपासून सुरू केला, असं तुमचं म्हणणं.

पेडलचं मान्य. किक आणि फूटरेस्ट असलेल्या अशा ५० सीसी गाडीला तिकडे मोकिक म्हणतात, मी सोयीसाठी मोपेड लिहिलं.

एन्ड्युरोचं मात्र अर्धंच मान्य. इंजिन साध्या एस५१चंच, ३.७ हॉर्सपॉवर, स्पीड ताशी ६० किमी. त्यामुळे ही रेसची गाडी नव्हेच, चिखलातल्या स्पर्धांसाठी झूल शहरातल्या त्याच सिमसन कारखान्याच्या जीएस नावाच्या वेगळ्या गाड्या होत्या. पण फ्रेमला खालून जादा नळ्या दिल्यात त्या नुसत्या शोभेला नाहीत, आणि चेन बघा ना, ती पूर्ण बंद असते, वरखाली रबरी नळ्यांतून जाते, धूळ-चिखल लागतच नाही. गंमत म्हणजे ही चेन साध्या मॉडेललाही तशीच, म्हणजे कच्च्या रस्त्याची सगळ्यात कामाची गोष्ट सगळ्यांनाच मिळाली होती.

आता आळस. १९७५ला एस५० आली, १९८०ला एस५१, आणि मग फार बदल नाही हे खरंय, तिकडच्या नियोजनात नवीन डिझाईनला पैसा आणि परवानगी मिळणं अवघड होतं, ते मी झाकणार नाही. पण त्याच्यामुळेच पार्ट एकमेकांना बसत राहिले, आणि पूर्व-पश्चिम जर्मनी एक झाली तेव्हाच्या करारात २८ फेब्रुवारी १९९२ पर्यंत रस्त्यावर आलेल्या या गाड्यांना ६०ची मुभा राहिली. बाकी मोपेडला आज ४५च. म्हणून पंधरा वर्षांच्या पोरांनाही तीच हवी असते.

गेल्या शनिवारी आमच्या शेजारच्या मुलाने आजोबांची एस५१ बाहेर काढली होती, पॉइंटवाली, म्हणजे ठिणगीची वेळ उघडझाप करणाऱ्या संपर्कांवर ठरणारी, आणि ठिणगीच येईना. फ्लायव्हीलला खिडक्या असतात, तिथून पॉइंट दिसतात, त्याने हाताने चाक फिरवून पॉइंट पूर्ण उघडले, फट मोजायची ०.४ मिमीची पट्टी आत घातली, स्क्रू सैल केला, पुन्हा आवळला, आणि तिसऱ्या किकला गाडी धूर सोडत सुरू, पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल, त्याचा तो वास गल्लीभर. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर म्हणाला आजोबांनी. पंधरा वर्षांच्या पोराला अंगणात जमतं अशी गाडी मला आळशी वाटत नाही.

इतिहासाचं मात्र शंभर टक्के तुमचं बरोबर, ती माझी चूक. सिमसन हे एका ज्यू कुटुंबाचं आडनाव, त्यांचा कारखाना १८५६ पासूनचा. १९३५ मध्ये नाझींनी तो हिसकावून घेतला आणि त्या कुटुंबाला देश सोडावा लागला. युद्धानंतर नाव गाड्यांवर परत आलं, पण पूर्व जर्मनीत कारखाना सरकारचाच राहिला, एस५१ नंतर एस५३ निघाली, २००२ मध्ये उत्पादनही संपलं. टाकीवरच्या त्या अक्षरांचा फोटो मी एवढ्या हौसेने लावला होता आणि ते नाव कोणाचं हेच लिहिलं नव्हतं. लेखाचा पहिला परिच्छेद आज बदलतोय.