नियामेत झालेला करार आणि नायजरचं बाहेर पडणं

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. २० मार्चला आमच्या वर्गात दरवर्षी फ्रँकोफोनी दिन, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या देशांचा दिवस, असतो. मुलं झेंडे रंगवून आणतात, कुणी सेनेगलबद्दल बोलतं, कुणी क्वेबेकबद्दल. फळ्याच्या कोपऱ्यात मी एक ओळ आवर्जून लिहिते : २० मार्च १९७०, नियामे, नायजर. फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या सहकार्याचा करार पॅरिसमध्ये झालेला नाही, तो नियामेत झाला, २१ देशांनी मिळून केला, हे मुलांना ठाऊक असावं म्हणून.

मार्च २०२५ मध्ये त्या दिवसाला जेमतेम तीन दिवस उरले असताना नायजर आणि बुर्किना फासोनं त्या करारातून उभी राहिलेली फ्रँकोफोनी ही संघटना सोडली. पाठोपाठ मालीनंही. ती बातमी वाचून मला खरोखर वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं.

'बरं झालं, वसाहतवादाचं एक खूळ गेलं' असं काही मित्र म्हणाले. मला हे पटत नाही. ही कल्पना रेटली ती सेनेगलचे सेंगोर, ट्युनिशियाचे बुर्गिबा, नायजरचे दिओरी आणि कंबोडियाचे सिहानूक या नेत्यांनी. राज्य करणारे निघून गेले होते, त्यांची भाषा मागे राहिली होती. तिच्यातून सेनेगलमधल्या डाकारच्या माणसाला थेट कंबोडियातल्या नॉम पेनच्या माणसाशी बोलता येईल, हा त्यांचा विचार होता. त्यात लाचारी नव्हती.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. फ्रेंच अमलाखालच्या पश्चिम आफ्रिकेत शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा हाड अडकवायचे. त्याला 'सँबोल' म्हणत. दुसरं कुणी तसं बोलताना सापडेपर्यंत ते गळ्यातून काढायचं नाही. त्या मुलांची नातवंडं आज मतदार आहेत, सैनिक आहेत. त्यांच्या रागाला 'भडकवलेली माणसं' म्हणून उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणूनच या संघटनेची दोन कामं मला सगळ्यात मोलाची वाटतात, आणि नेमकी तीच कुणाला माहीत नसतात. एक म्हणजे खेड्यांतली वाचनकेंद्रं. बेनिन, बुर्किना फासोसारख्या देशांत १९८०च्या दशकापासून ती उभी राहिली. पुस्तकं, खेळ, सिनेमा, सगळं एका खोलीत. दुसरं म्हणजे 'एलान' हा शालेय कार्यक्रम. मूल आधी स्वतःच्या भाषेत लिहा-वाचायला शिकतं, मग हळूहळू फ्रेंच. पहिल्या आठ देशांत माली, नायजर आणि बुर्किना फासो हे तिघंही होते. गळ्यातलं ते हाड काढायचं काम फ्रँकोफोनीच करू लागली होती!

मग बिघडलं कुठे? माझ्या मते, शिखर परिषदांच्या थाटात हे काम झाकलं गेलं. लष्करी उठावांनंतर या तिन्ही देशांचं सदस्यत्व स्थगित झालं. चाडमध्ये २०२१ साली वडिलांच्या मृत्यूनंतर मुलानं लष्कराच्या बळावर सत्ता घेतली, तिथे मात्र तसं झालं नाही. एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा, हे कोण विसरेल? २०२३ मध्ये फ्रान्सनं या देशांत व्हिसा देणं थांबवलं. तो निर्णय संघटनेचा नव्हता, फ्रान्सचा होता. पण मालीची राजधानी बामाको, तिथल्या विद्यार्थ्याला हा फरक कोण समजावणार? तुमची भाषा शिकलो आणि तुमचंच दार बंद, एवढंच त्याला दिसतं.

मॉरिशसचं उदाहरण मला धीर देतं. तिथल्या आपल्या मराठी कुटुंबांचे पूर्वज कोकणातून गेले. घरात क्रिओल, वर्तमानपत्र फ्रेंच, शाळेत इंग्रजी, आणि मराठीही शिकवली जाते. देश राष्ट्रकुलातही आहे आणि फ्रँकोफोनीतही. एका भाषेसाठी दुसरीचा गळा दाबावा लागत नाही, हे तिथे रोज दिसतं.

माझं मागणं साधं आहे. सरकारं बाहेर पडली म्हणून खेड्यातल्या वाचनकेंद्राला कुलूप लागू नये. या तीन देशांतल्या शिक्षकांसाठी, ग्रंथपालांसाठी दार उघडं ठेवा. परिषदेचा एक मेजवानीचा दिवस कमी करा आणि तो पैसा बांबारा, हौसा, मूरे या तिथल्या भाषांतल्या पाठ्यपुस्तकांना द्या.

येत्या २० मार्चलाही फळ्यावर नियामेची ओळ असेल. या वेळी 'बाँजूर'च्या शेजारी हौसातलं 'सन्नू' आणि बांबारातलं 'इ नी सोगोमा'ही लिहिणार आहे. उच्चार ऐकून ऐकून पाठ करतेय.