गाडीसाठी सॅटेलाइट रेडिओ : स्थळ एकच, पसंती तुमची

अमेरिकेत नवी गाडी घेतलीत, अभिनंदन. आता तिच्यासाठी सॅटेलाइट रेडिओ, म्हणजे उपग्रहावरून थेट गाडीत कार्यक्रम ऐकवणारी, पैसे भरून घ्यायची सेवा निवडायची. हे काम घाईत उरकू नका. दोन-तीन रविवार मोकळे ठेवा, घरच्यांशी बोला, वहीत दोन रकाने आखा. डावीकडे ही सेवा देणाऱ्या सिरियस एक्सएम कंपनीचे गुण लिहा, उजवीकडे दुसऱ्या कंपनीचे. दुसरी कंपनीच नाही हे लक्षात आलं तरी उजवा रकाना खोडू नका. तो समोर असला की आपण काहीतरी निवडतोय असं वाटत राहतं.

एके काळी खरोखर दोन स्थळं होती. १९९७ साली सरकारने लिलावात दोनच परवाने विकले आणि एकाने दुसऱ्याला गिळायचं नाही अशी अट घातली. २००१ मध्ये एक्सएम सुरू झाली, २००२ मध्ये सिरियस. एक्सएमचे दोन उपग्रह विषुववृत्तावर ठाण मांडून बसलेले, नावं रॉक आणि रोल. सिरियसचे तीन, लांबट कक्षेत आळीपाळीने अमेरिकेच्या डोक्यावर येणारे. सिरियसने हॉवर्ड स्टर्न या तोंडाळ निवेदकाला पाच वर्षांसाठी ५० कोटी डॉलर कबूल केले, तर एक्सएमने अकरा वर्षं बेसबॉलचे सामने ऐकवण्यासाठी ६५ कोटी. चोखंदळ ग्राहक पत्रिका जुळवण्यात रमून जायचा. अर्थात लग्न तेव्हाही गाडीच्या कुळावरूनच ठरे: जनरल मोटर्सची असेल तर एक्सएम, फोर्डची असेल तर सिरियस. पण निदान पोहे दोन घरी मिळत.

आणि तुम्ही दुसरी बशी संपवताय तोवर दोन्ही स्थळांनी एकमेकांशीच लग्न केलं आणि सिरियस एक्सएम हे जोडनाव लावलं. फेब्रुवारी २००७ मध्ये सुपारी फुटली. अट घालणाऱ्यांनीच दीड वर्ष कपाळाला आठ्या घालून जुलै २००८ मध्ये अक्षता टाकल्या.

तेव्हा निवड करताना पहिली दक्षता अशी की मोहात पडायचंच असेल तर लगेच पडा. पहिले तीन महिने बहुतेक नव्या गाड्यांत फुकट असतात. त्या काळात पुलाखालून जातानाही गाणं तुटणार नाही, कारण तोच कार्यक्रम काही सेकंदांच्या अंतराने दोनदा पाठवायची युक्ती अभियंत्यांनी फार पूर्वी करून ठेवली आहे. (ती खरोखर सुंदर युक्ती आहे. तिची जाहिरात कुणी करत नाही.) तळघरातल्या पार्किंगमध्ये मात्र शांतता पसरेल. ती ऐकून घ्या, तिचे पैसे पडत नाहीत.

दुसरं, देण्याघेण्याचं. जाहिरातीतला आकडा हा बैठकीतला आकडा समजावा. मानपान वेगळा. 'म्युझिक रॉयल्टी फी' नावाची ओळ बिलात खाली असते, आणि ती पाचव्या हिश्शाच्या आसपास जाते. गाणी ऐकायच्या सेवेत गाण्यांचे पैसे वेगळे, म्हणजे थाळी घ्यायची आणि भाजीचे निराळे मोजायचे. तक्रार करू नका, वरपक्ष आहे.

तिसरं, काडीमोड. फोन करा, पण आधी जेवून घ्या. न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीवर खटला भरला, त्यात हिशोब मांडला होता: फोनवरून सेवा बंद करायला सरासरी साडेअकरा मिनिटं, चॅटवरून अर्धा तास. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायाधीशांनी ही पद्धत कायद्याला धरून नसल्याचा निकाल दिला. आपल्याकडे पाहुण्याला 'बसा हो, चहा तरी घ्या' म्हणत दारात अर्धा तास थोपवणाऱ्यांवर अजून कुणी खटला भरलेला नाही, हे आपलं नशीब.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना इथे वर्ल्डस्पेस ही आपल्याकडची सॅटेलाइट रेडिओ सेवा आठवेल. रहमानची धून, 'गंधर्व' वाहिनीवर दिवसभर शास्त्रीय संगीत आणि खिडकीत आग्नेयेच्या अंगाला तोंड करून ठेवलेला अँटेना. वास्तुशास्त्राने ती दिशा स्वयंपाकघराला दिली आहे, म्हणून काही घरांत वादही झाले असतील. ३१ डिसेंबर २००९ ला ती सेवा भारतात बंद झाली. ती बंद करायला ग्राहकाला एकही फोन करावा लागला नाही.

गाडीच विकून मोकळं व्हावं असं वाटत असेल तर खुशाल विका. जुनी गाडी घेणाऱ्यालाही बहुधा काही महिने फुकट मिळतील, तेव्हा रेडिओची काळजी नको. तुम्ही नवी घ्या, सीट मागे सरकवा, बटण दाबा. तेच स्थळ त्याच साडीत, पोह्यांची बशी घेऊन उभं असेल.