एवढं काही खराब नाही झालं

राजेहो, पिकलेलं फळ खायच्या लायक आहे की नाही, हे फळाकडे पाहून ठरवायचं नसतं. खाणारा कोण, ते आधी पाहायचं. पाहुणा असेल तर सालीवर तिळाएवढा डाग चालत नाही. घरचा माणूस असेल तर अर्धा संत्रा सडला तरी अर्धा उरतोच.

आमच्या वरुड-मोर्शीकडची रीत सांगतो. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो मानाचा माल व्यापाऱ्याच्या गाडीत बसून जातो. बागवाल्याच्या घरात येतो तो गळलेला. रात्री रसशोषक पतंगानं सोंड खुपसली, की टाचणीएवढं भोक पडतं, भोवतालची साल नरम होते आणि फळ झाडाखाली येतं. असं फळ बोटानं दाबून पाहा. बोट आत गेलं तर समजा पिकलं. अंगठाही गेला तर ज्यूस करा.

संत्रा आंबट निघाला तर फेकू नका. "राहू द्या दोन दिवस, पिकते," म्हणून खिडकीत मांडून ठेवा. तोडल्यावर संत्रा गोड होत नाही, तो काही आंबा नव्हे. पण हे घरातल्या म्हातारीला कोण सांगणार? चार दिवसांनी साल सुरकुतते, म्हातारी खूश. आंबटपणा आपल्या वाट्याला.

टोपलीच्या तळाशी एखाद्यावर पांढरं वर्तुळ दिसेल, मग मधोमध निळी-हिरवी भुकटी. घाबरू नका, जोरात फुंकर मारा. भुकटी उरलेल्या फळांवर सारखी वाटली जाते, मग त्या एकट्यालाच कोणी नावं ठेवत नाही. मऊ फळात बुरशीचे धागे वरून दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, असं शिकलेली पोरगी सांगेल. तिला विचारा, "काय वं, हॉस्टेलात सोनं खात होती काय?"

आंब्याचं शास्त्र याहून कडक. नासका आंबा अढी नासवतो. पिकल्या फळातून इथिलीन वायू निघतो आणि शेजारचे भराभर पिकत जातात. म्हणून अढी उघडली की नासका आधी उचलायचा आणि घरच्यांनी खायचा. उद्या दुसरा नासतो, तोही आधी. असा अख्खा मोसम आपण मोठ्या शिस्तीनं नासके आंबे खातो. रसाला दारूसारखा वास आलाच तर वेलची वाढवा.

आणि चांगली फळं? ती जवाईबापूंसाठी. मागच्या मृग बहाराला बारा संत्रे निवडून, पुसून, धान्याच्या कोठीवर ठेवले होते. पोरांनी हात लावला तर फटका. जवाईबापू येणार होते सोमवारी, आले पुढच्या शुक्रवारी. परडी समोर आली. त्यांनी वरचा उचलला, नाकाशी नेला, हळूच परत ठेवला आणि म्हणाले, "आत्ताच जेवलो, मामाजी."

रात्री आम्ही ते बाराही खाल्ले. म्हातारीनं फुंकर मारून दिले.