खुलासा : हर्निया, पाठीतली भूल आणि कंबरदुखी

‘हर्नियाला पाठीत इंजेक्शन घेतलं की कंबर कायमची जाते, पूर्ण भूलच मागा’ हा फिरता मेसेज चुकीचा आहे. ही सुई (२५ ते २७ गेज, म्हणजे जाडीचं माप) जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. टोचल्या जागी काही दिवस दुखतं, इतकंच. खरे त्रास वेगळेच: लघवी अडकणं (प्रोस्टेट वाढलेल्यांना जास्त) आणि क्वचित, बसल्यावर वाढणारी व आडवं होताच उतरणारी डोकेदुखी.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला मात्र सहसा पूर्ण भूलच लागते, कारण पोटात गॅस भरतात. जांघेतल्या साध्या हर्नियाचं ऑपरेशन दुर्बिणीऐवजी चिरा देऊन, जाळी बसवून करायचं असेल, तर फक्त जागेवरची भूलही पुरते. हृदय-फुफ्फुसं कमकुवत असलेल्यांना बहुधा तीच बरी. ऑपरेशनआधी उपाशी राहण्याची सूचना तरीही पाळाच.