लपता येतं त्याचा छळ होत नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या रूपपालट्यांच्या कादंबरीवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. टीकेचं काही नाही, पण सूर जिव्हारी लागला. "लेखिकेने छळ जवळून पाहिलेला नाही, म्हणून सगळं लाडिक झालंय", हे तुम्ही कशावरून ठरवलंत? कादंबरी आवडली नाही म्हणा, पानोपानी चुका काढा. माझं आयुष्य तुम्ही वाचलेलं नाही.

तुमचं एक बरोबर आहे. माझ्या कादंबरीतल्या रूपपालट्या मृण्मयीच्या खांद्यावरचा व्रण तिसऱ्या प्रकरणात डावीकडे आहे आणि अकराव्यात उजवीकडे. चूक माझी.

आता ते वाक्य, ज्यासाठी लिहायला बसले: "ज्यांना हवं ते रूप घेता येतं त्यांचा छळ होईलच कसा? माणसासारखं दिसावं आणि निवांत राहावं."

निवांत? रूप घेणं वेगळं आणि ते धरून ठेवणं वेगळं. ऑक्टोपसच्या कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात. भोवतीचे स्नायू आवळले की पिशवी ताणली जाऊन रंग दिसतो, सैल सोडले की रंग मिटतो. म्हणजे रंग दाखवत राहायचा तर आवळूनच राहायचं. आणि झोपेत तर त्याचे रंग आपोआप पालटतात. मृण्मयी माणसाच्या रूपात लपून यानात राहते, आणि तीन वर्षं भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपते ती म्हणूनच. एका पहाटे तिचा डोळा लागतो, नखं निळी होऊन विरघळू लागतात. शेजारच्या बिछान्यावरचा माणूस ते बघतो आणि पहारेकरी आत यायच्या आधी आपलं पांघरूण तिच्या हातावर ओढतो. त्या यानात रूपपालट्याला लपवण्याची शिक्षा मरण आहे, हे त्याला माहीत आहे. याला तुम्ही लाडिक म्हणता!

शिवाय छळ व्हायला खरंच रूप पालटावं लागतं असं कुणी सांगितलं? 1589 साली जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्गमध्ये पीटर स्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला 'हा लांडगा होतो' म्हणून हालहाल करून मारलं. त्याच्या मुलीलाही सोडलं नाही. शतकभराने बाल्टिक किनाऱ्यावरच्या लिव्होनियात थीस नावाचा म्हातारा न्यायालयात स्वतःहून म्हणाला, हो, मी लांडगा होतो, पण आम्ही देवाच्या बाजूने सैतानाशी लढतो. त्याला फटके मिळाले, वर हद्दपारी. लपलेला, न लपलेला, कुणीच सुटलं नाही.

आणि मी काय पाहिलंय ते विचारलंतच, तर ऐका. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ज्या घरी राहायला गेले तिथे माझं बोलणं उद्धट ठरलं, म्हणून मी भलत्याच मुलीच्या आवाजात बोलायला शिकले. रात्री दात आवळून झोपायचे, सकाळी जबडा ठणकायचा. पुढे वसतिगृहात चौघींचे ब्रश एका पेल्यात असायचे. माझा मी वापरून झाला की पिशवीत ठेवायचे. त्यातली एक तो रोज काढून पेल्यात उभा करायची. मी परत पिशवीत, ती परत पेल्यात. महिनाभर हे चाललं. नंतर मी तो तिथेच राहू दिला, आणि त्या सुमारास कधीतरी माझा जुना आवाज परत आला. "तीन प्रकरणांत उगवलेलं खोटं कुटुंब" असं तुम्ही ज्याला म्हणता ते तिथून आलंय. रक्ताच्या घरांनी दूर लोटलेल्या समलिंगी माणसांनी अशीच घरं जोडली. कॅथ वेस्टन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1991 साली त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांनाही खोटं म्हणणार का?

साठ किलोची बाई घारीएवढी झाली की उरलेलं वजन कुठे जातं, शेवट गोड का केला, वगैरे मुद्द्यांत मी शिरत नाही. वजनाचं उत्तर नवव्या प्रकरणात आहे. तिथवर तुम्ही पोचलाच नाहीत, असं प्रतिक्रियेवरून दिसतं.

व्रण आज रात्री डावीकडे घेते. पांघरुणाच्या प्रसंगातला एक शब्दही बदलणार नाही.