बोध काय, म्हणे!

मिरजेहून दादाचा व्हॉइस मेसेज आला, चांगला चार मिनिटांचा. भाचीला वाढदिवसाला मी पाठवलेली कादंबरी त्यानं चाळली होती. चाळली, वाचली नव्हती. "अगं, यात सगळ्यांना शेपट्या आहेत. शेपट्या! पंधरा वर्षांच्या पोरीनं यातून बोध काय घ्यायचा? आपल्याकडे महाभारत असताना ही परक्यांची भुतंखेतं कशाला?" मागून वहिनीचा आवाज येत होता, "अहो, वाचतेय तर वाचू दे की."

पुस्तक आहे सिरी पेटर्सन यांचं 'ओडिन्सबार्न'. नॉर्वेजियनमध्ये २०१३ साली आलं, इंग्रजीत २०२१ साली. गोष्ट हिर्का नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीची. तिच्या जगात सगळ्यांना शेपूट असते, हिला नाही. लहानपणी लांडग्यानं तोडली असं बापानं सांगितलेलं, व्रणही आहे. मग कळतं की लांडगा कधी आलाच नव्हता. पोर सापडलेली आहे, दुसऱ्या जगातली आहे, म्हणजे तुमच्याआमच्यासारखं माणूस आहे. आणि अशा पोरांकडून सडण्याचा रोग लागतो अशी तिथल्या लोकांची ठाम समजूत.

सगळंच छान आहे असं मी म्हणत नाही. सुरुवात रेंगाळते, आणि मंडळातल्या थोरामोठ्यांची कारस्थानं मला तरी जरा लांबल्यासारखी वाटली. पण नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या देवांच्या कथांवर बेतलेल्या पुस्तकांची एक खोड या बाईंनी टाळली आहे. एरवी अशा पुस्तकात देव गणेशोत्सवाच्या देखाव्यासारखे उभे असतात: बटण दाबलं की थोरचा हातोडा वर, बटण दाबलं की ओडिनचा डोळा लुकलुकतो. इथे तसं नाही. कावळे आहेत, थंडी आहे, जुन्या वळणाचे शब्द आहेत, आणि परकं कोण हे गावानं मिळून ठरवण्याची ती जुनी भीती आहे. माझ्या लेखी ही सामग्री हातोड्यापेक्षा अस्सल.

राहिला बोध. दादा, त्या मूळ कथांत तरी तो कुठे आहे? एगिलच्या सागात, म्हणजे जुन्या आइसलँडी गद्यकथेत, सात वर्षांचासुद्धा पुरता न झालेला एगिल चेंडूच्या खेळात हरतो आणि जिंकणाऱ्या पोराच्या डोक्यात कुऱ्हाड घालतो. आई काय म्हणते? हा मोठा वायकिंग होणार, याला जहाज द्यायला हवं. हातोडा चोरीला जातो तेव्हा तो परत आणायला थोर नवरीचा वेश करून राक्षसाच्या घरी जातो आणि लग्नाच्या पंगतीत एक अख्खा बैल अन् आठ साल्मन फस्त करतो. लोकी हा दुसरा देव तर घोडी होऊन आठ पायांचं शिंगरू जन्माला घालतो. आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसननं देवांच्या अशा कथा १२२०च्या आसपास लिहून काढल्या तेव्हा आइसलँड ख्रिस्ती होऊन दोनेक शतकं उलटली होती. तो स्वतःही ख्रिस्ती. त्याला कुणाला संस्कार लावायचे नव्हते. नव्या कवींना जुन्या कवितेतली रूपकं कळावीत, एवढीच त्याची खटपट. आणि आपण तरी चांदोबातला वेताळ संस्कारांसाठी वाचत होतो का? झाडाला लोंबकळणारं प्रेत, ते पाठीवर घेऊन चाललेला राजा, आणि आपण दोघं एका पांघरुणात.

इथे नॉर्वेत आठवी ते दहावीची मुलंच किशोरांसाठीच्या पुस्तकांचा एक पुरस्कार ठरवतात, यूप्रिसेन. मोठी माणसं लुडबुड करत नाहीत. माझी लेक वर्गात एका पुस्तकाबद्दल "कंटाळवाणं, पण शेवट खरा" असं लिहून आली आणि बाईंनी तेवढंच विचारलं, "खरा म्हणजे कसा?" बोध विचारला नाही. हे मी दादाला जरा ठसक्यातच कळवलं. ठसका लागला असावा, कारण दोन दिवस उत्तर नव्हतं.

त्या दोन दिवसांत मी आणखी दारूगोळा जमवला. १९६७ची 'मृत्युंजय' दादानं सुट्टीत एका रात्रीत संपवली होती. सकाळी डोळे लाल. कर्णानं आपलं मन असं पानंच्या पानं उघडं केल्याचं व्यासांनी कुठे लिहिलंय? तिथे चालतं, इथे शेपूट खुपते. शिवाय एड्डाचं, म्हणजे या देवांवरच्या जुन्या कवितांचं हस्तलिखित २१ एप्रिल १९७१ला डेन्मार्कहून जहाजानं परत आलं तेव्हा आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकच्या बंदरावर लोक गर्दी करून उभे होते. आणि ज्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ एवढी वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली, तिच्यावर ५ जानेवारी २००४ला आपल्याच लोकांनी हल्ला केला. हे सगळं टाइप केलं. मग आठवलं, पुण्यात शिकायला होते तेव्हा लॉ कॉलेज रोडवरून मी तीन वर्षं रोज गेले. भांडारकरच्या फाटकातून आत एकदाही पाऊल टाकलं नाही. मेसेज खोडला.

आणखीही एक गोष्ट दादाला सांगत नाही. या देवांचं इथे कुणालाच काही वाटत नाही, असं मी त्याला भासवते. ते खरं नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींना सामील झालेल्या क्विस्लिंगच्या पक्षानं आपल्या टोळ्यांना जुन्या राजांच्या 'हिर्ड'चंच, म्हणजे पदरच्या शिपायांचंच नाव दिलं होतं. आजही बसमध्ये एखाद्याच्या मानेवर रून, म्हणजे त्या जुन्या लिपीतलं अक्षर, गोंदलेलं दिसलं की मी एक सीट मागे सरकते. कदाचित बिचारा नुसता संगीतवेडा असेल.

तिसऱ्या दिवशी दादाचा एका ओळीचा मेसेज: "सारखं 'आमच्याकडे असं असतं' म्हणतेस. तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

स्टावांगरला सतरा वर्षं झाली. दुगनाडला, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायच्या श्रमदानाला, मी वॅफल्स भाजते, सतरा मेला, इथल्या राष्ट्रीय दिनाला, पैठणी नेसून बुनाड हा पारंपरिक पोशाख घातलेल्यांच्या रांगेत उभी राहते, हाफर्सफ्योर्डच्या तीन तलवारींच्या स्मारकापुढे पाहुण्यांचे फोटो काढते आणि तिथली ८७२ची लढाई आमच्या आजोबांनी लढल्यासारखी सांगते. ऑफिसात मात्र "आमच्याकडे" म्हणजे मिरज. आणि मिरजेत स्टेशनवर रिक्षावाला मला पाहून हिंदीत भाडं सांगतो, तेही दुप्पट.

आईच्या शेवटच्या आजारपणात मी गेले नाही. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर बदली माणूस मिळत नाही, असं सगळ्यांना सांगितलं. मिळाला असता, मी मागितलाच नव्हता. आईला तशी बघायचं धाडस नव्हतं. दादानं तेव्हा काही विचारलं नाही, अजूनही विचारत नाही. हिर्काचं लांडग्याचं प्रकरण वाचताना मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले होते. हे त्याला लिहिलेलं नाही. "तुमच्याकडे म्हणजे कुठे" याचंही उत्तर दिलेलं नाही.

काल भाचीचा मेसेज आला. पहिला भाग संपला, दुसरा कधी पाठवतेस, आणि आत्या, बाबा रात्री दिवाणखान्यात बसून वाचतायत, मी पाहिलं हे त्यांना सांगू नकोस.